मालवणला कधी जायचं? तिकीट काढण्याआधी ठरवायच्या गोष्टी, क्रमाने

एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. "तिकिटं मिळाली, २७ मेची! खोलीपण बुक केली. आता सांग, स्कूबा कुठे करायचं आणि किल्ल्यावर किती वाजता जायचं?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि शब्द शोधत बसतो. २७ मेला स्कूबा बंद, किल्ल्याची होडी बंद, आणि समुद्र असा की पायसुद्धा जपून बुडवावा.

बहुतेकांची चूक महिन्याची नसते, क्रमाची असते. आधी ऑफिसातली सुट्टी, मग तिकीट, मग खोली आणि सगळ्यात शेवटी समुद्राची चौकशी. समुद्राला तुमच्या सुट्टीशी देणंघेणं नाही, म्हणून हा क्रम उलटा लावायचा. खालचे टप्पे मालवण शहर, चिवला, तारकर्ली, देवबाग आणि सिंधुदुर्ग किल्ला एवढ्या पट्ट्यासाठी आहेत. वेंगुर्ला आणि देवगडला यातलं बरंचसं तसंच लागू पडतं.

टप्पा १ : कशासाठी जायचं, ते एका वाक्यात लिहा

"समुद्र बघायला" हे उत्तर चालणार नाही. समुद्र बाराही महिने दिसतो. घरातल्या सगळ्यांना विचारा आणि पहिली पसंती एकच ठेवा, दुसरी तिच्याखाली. दोन्ही एकाच आठवड्यात बसतील असं गृहीत धरू नका.

पाण्याखालचं जग बघायचं असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. पाणी तेव्हा सगळ्यात नितळ असतं.

किल्ला, बोटीची फेरी, डॉल्फिन आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ एवढंच हवं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कधीही.

मासे खायला जायचं असेल तर गणपती उठल्यानंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या समुद्रात रुळलेल्या असतात आणि पर्यटकांची झुंबड अजून यायची असते, त्यामुळे मासा ताजा मिळतो आणि ताटही परवडतं.

आंबा, फणस आणि रतांबे (कोकमाची फळं) हवे असतील तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते साधारण १० मे. ओल्या काजूगरांची उसळ खायची असेल तर त्याआधीच, मार्चमध्ये या. काजूगर आणि पिकलेला हापूस दोन्ही एका फेरीत गाठणं नशिबाचा भाग आहे.

पाऊस आणि हिरवळ हवी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर. मात्र तेव्हा समुद्र फक्त डोळ्यांनी बघायचा.

जत्रा आणि दशावतार बघायचे असतील तर कार्तिकी पौर्णिमेनंतर. गावोगावच्या देवळांच्या जत्रा तेव्हा सुरू होतात आणि रात्र रात्र नाटकं रंगतात. याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. दिवसा बोट आणि रात्री दशावतार, असे दिवस वर्षात फार थोडे जुळतात.

*तपासा :* बरोबर साठी ओलांडलेलं कोणी किंवा पाच वर्षांखालचं मूल असेल तर एप्रिल, मे आणि ऑक्टोबरवर आत्ताच फुली मारा. अंश किती यापेक्षा घाम वाळत नाही, हा तिथला खरा त्रास आहे.

टप्पा २ : काय बंद असतं ते आधी बघा

चांगला महिना शोधण्याआधी बंद काळ खोडून टाका. निम्मं काम तिथेच होतं.

जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी होडी मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. बंदर खात्याचा आदेश निघाला की तो सगळ्यांना लागू. "ओळखीने कोणीतरी नेईल" असं मनात असेल तर ते काढून टाका. कोणी तयार झालाच, तर त्याच्या होडीत मुळीच बसू नका.

यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नसते, पण पावसाळी समुद्रात त्याही फारशा जात नाहीत. या काळात ताटात येणारा सुरमईचा तुकडा बहुधा बर्फातून आलेला असतो. खाडीचे मासे, कुर्ल्या (खेकडे) आणि तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्या मागा. सुरमईचा हट्ट धरू नका.

श्रावणात बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, गणपतीत तर नाहीतच. ऑगस्टमध्ये बंदी उठली म्हणून मासे खायला धावत येणारे इथे फसतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, होड्या निघतात, बाजारात मासा येतो, पण तुम्ही ज्या घरात उतरलात तिथे श्रावण पाळला जात असतो. बाजारपेठेतल्या खानावळी चालू असतात, म्हणजे उपाशी राहणार नाही. मात्र घरगुती मालवणी जेवणाचं स्वप्न घेऊन आला असाल तर ताटात काळ्या वाटाण्याची सांबार आणि आंबोळ्या येतील. मला विचाराल तर त्यात नुकसान काहीच नाही.

*सावधान :* मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून "अजून बंद व्हायला दिवस आहेत" या भरवशावर बोटीचा बेत आखू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. १६ मे २०२१ च्या सुमाराला तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून वर सरकलं. २०२५ मध्ये तर मान्सून २५ मेलाच तळकोकणात दाखल झाला. मे महिन्याचा बेत १५ तारखेच्या आत उरकायचा, हा माझा पक्का नियम आहे.

टप्पा ३ : उरलेल्या महिन्यांचा स्वभाव ओळखा

*सप्टेंबर.* कागदावर हंगाम १ तारखेला उघडतो. प्रत्यक्षात पाणी गढूळ असतं, लाट मोठी असते आणि होडीवाले गणपतीत गुंतलेले असतात. शेवटच्या आठवड्यात भात पोटरीला आलेलं असतं, रस्ते धुतलेले, गर्दी नाही. छायाचित्रं काढणाऱ्यांसाठी सोन्याचे दिवस, डुबकी मारणाऱ्यांसाठी नाहीत.

*ऑक्टोबर.* सगळ्यात जास्त गैरसमज याच महिन्याबद्दल आहेत. "पाऊस गेला, थंडी यायची आहे, म्हणजे मस्त हवा" असं पुण्यात बसून वाटतं. मालवणात उकाडा अंगाला चिकटतो आणि दुपारनंतर ढग दाटून विजा कडाडतात. वादळंही याच सुमारास येतात. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस क्यार वादळाच्या वेळी देवबागच्या वस्तीत समुद्राचं पाणी शिरलं होतं. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तिला जोडून बेत करा, पण परतीची वाट मोकळी ठेवा.

*नोव्हेंबर.* पहिल्या आठवड्यात ऑक्टोबरचंच शेपूट असतं. पंधरा तारखेनंतर पहाट गार होते. माझ्या मते दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून २० डिसेंबरपर्यंतचे दिवस हा मालवणचा सगळ्यात समजूतदार हंगाम आहे. हवा, मासे, खोलीभाडं आणि होडीवाल्याचा मूड, चारही गोष्टी जुळतात.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* "थंडी" या शब्दाला भुलून स्वेटरांनी बॅग भरू नका. पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो, पण दुपारी तिशी ओलांडतो. एक पातळ शाल पुरते. दिवस लहान असतो हे मात्र विसरलं जातं. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. दुपारी जेवून, झोपून, पाच वाजता निवांत निघालात तर तारकर्लीला पोचेपर्यंत सूर्य पाण्याला टेकलेला असेल. मेमध्ये हीच वेळ सातच्या आसपास असते.

*मार्च.* पंधरा तारखेपर्यंत चालेल. पुढे ऊन टोचायला लागतं, समुद्रावरचा वारा दुपारी जोर धरतो. शिमग्यात गावं जागी असतात, पण होडीवाला पालखीला गेलेला असू शकतो. कासवांत रस असेल तर याच सुमारास वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या किनाऱ्याची चौकशी करा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडली जातात. तारीख मात्र अंडी केव्हा फुटतात त्यावर ठरते, तुमच्या शनिवारवर नाही.

*एप्रिल आणि अर्धा मे.* आंब्यासाठी या. किनाऱ्यावर पहाटे आणि सूर्यास्तानंतर, मधला वेळ माजघरात किंवा नारळीच्या सावलीत.

टप्पा ४ : गर्दीचे आठवडे कॅलेंडरवर खोडा

आता उरलेल्या महिन्यांतून हे दिवस काढून टाका : दिवाळीच्या पाडव्यापासूनचा आठवडा, २२ डिसेंबर ते ३ जानेवारी, २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी, आणि १ मेपासून पुढचा जवळपास सगळा मे. मेमध्ये पर्यटकांबरोबर मुंबईचे चाकरमानीही गावी आलेले असतात. मालवणची बाजारपेठ अरुंद आहे. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की सोलकढीचा पेला संपेपर्यंत रस्ता मोकळा होत नाही.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा वेगळी मोजा. तिला ठरलेली तिथी नाही. दर वर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, ती बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास पडते. त्या दोन दिवसांसाठी लाखो माणसं येतात. रेल्वे, एसटी, खोल्या, सगळं भरलेलं असतं. देवीला जायचं असेल तर जरूर जा, त्यासाठीच जा. पण "फेब्रुवारीत शांत असतं" या हिशेबाने निघालेला माणूस नेमका त्याच दिवशी कणकवलीला उतरला, तर रिक्षा मिळणंही कठीण.

*सावधान :* सण इंग्रजी तारखेने लक्षात ठेवू नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिकमासामुळे १४ सप्टेंबरला. "मागच्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर गेलो होतो, निवांत होतं" हा अनुभव पुढच्या वर्षी कामाचा नाही.

टप्पा ५ : तिथी बघा, हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात

आठवडा ठरला, पण त्यातले दिवस कोणते? इथे इंग्रजी कॅलेंडर उलटून पंचांग समोर घ्या. किनाऱ्यावर दिवसाचा दिनक्रम भरती-ओहोटी ठरवते, आणि ती तिथीवर चालते.

कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती भरतीची वेळ, सकाळची आणि साधारण तीच रात्रीचीही. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, इकडेतिकडे होतो. बेत आखायला एवढी अचूकता पुरते.

अष्टमीचं उदाहरण घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. सूर्यास्ताला किनाऱ्यावर गेलात तर वाळूचा पट्टा आखडलेला, पाणी सुरूच्या झाडांकडे सरकलेलं. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. हिवाळ्यात नेमक्या सूर्यास्ताला लांबच लांब ओली वाळू, तिच्यात आकाशाचं प्रतिबिंब. तारकर्लीचे जे फोटो बघून तुम्ही निघालात, ते बहुतेक अशाच दिवशी काढलेले असतात.

आता खरी मेख. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी हलतं. देवबागच्या टोकाला कर्ली नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तो ओहोटीला चांगला उघडा पडतो, आणि उधाणातल्या ओहोटीला सगळ्यात जास्त. मालवणच्या रॉक गार्डनमधली खडकांतली डबकी आणि त्यातले जीव बघायलाही तीच वेळ. उलट पाण्याखाली बघायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. प्रवाह कमी, वाळू कमी ढवळली जाते, दिसतं जास्त.

म्हणजे टप्पा १ मध्ये लिहिलेलं वाक्य इथे कामाला येतं :

संध्याकाळचा रुंद किनारा हवा असेल तर त्रयोदशी ते प्रतिपदा.

सकाळी साडेसात ते दहा या वेळेत वाळूचा दांडा किंवा रॉक गार्डन बघायचं असेल तर द्वितीया ते पंचमी.

स्कूबा पहिल्या क्रमांकावर असेल तर सप्तमी ते दशमी.

सगळंच थोडं थोडं हवं असेल तर पंचमी-षष्ठी. ओहोटी दहा-साडेदहाला येते आणि उधाणाचा जोर ओसरलेला असतो. मात्र दांडा तेव्हा फोटोतल्याइतका मोठा नसतो, ही तक्रार परत येऊन करू नका.

*सावधान :* ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड या छोट्या किल्ल्याकडे चालत जाता येतं. जाताना पाणी घोट्याला असतं आणि फोटो काढता काढता ते कमरेला कधी आलं ते कळत नाही. स्थानिक माणूस बरोबर घ्या, ओहोटीच्या वेळेआधी पोचा आणि पाणी वळलं की लगेच निघा. उधाणाच्या दिवशी तर थांबूच नका.

टप्पा ६ : वारांचा हिशेब

शनिवार-रविवार टाळा हे सगळे सांगतात. मी आणखी एक सांगतो : सोमवारही बघून घ्या. मालवणी घरांत सोमवार पाळणारे पुष्कळ. मार्गशीर्षात गुरुवारही. शनिवारी संध्याकाळी पोचून सोमवारी निघणारा माणूस रविवारच्या गर्दीतलं महागडं ताट जेवतो आणि सोमवारी, जेव्हा सगळं निवांत असतं, तेव्हा घरमालकीण वरण-भात वाढते.

सगळ्यात सरळ मांडणी म्हणजे सोमवारी संध्याकाळी पोचायचं, शुक्रवारी सकाळी निघायचं. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन पूर्ण दिवस मिळतात, आणि त्यातल्या बुधवारी मासळीबाजार भरलेला असतो.

*तपासा :* मधे एकादशी, संकष्टी किंवा महाशिवरात्र येते का? महाशिवरात्रीला देवगडजवळच्या कुणकेश्वराला मोठी यात्रा भरते, रस्तेही भरतात.

टप्पा ७ : आता तिकीट

इथपर्यंत तुमच्याकडे दोन पर्याय तयार हवेत, पहिला आठवडा आणि राखीव आठवडा. दोन्ही लिहूनच तिकिटाला बसा.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. "चार महिने आधी बघू" ही जुनी सवय मोडा आणि साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून त्या दिवशी सकाळी आठच्या आत बसा. कोकण रेल्वेच्या गाड्या सुट्टीच्या काळात काही मिनिटांत भरतात.

उतरायचं कुठे? मालवणात रेल्वे स्थानक नाही. कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली, यांतलं एक. कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर, कणकवलीहून ४० च्या आसपास. गाडी कोणती, त्यावर स्थानक ठरतं. मुंबई-मडगाव वंदे भारत कणकवलीला थांबते, कुडाळला नाही. कुडाळला रिक्षा सांगून ठेवायची आणि स्वतः कणकवलीला उतरायचं, हा प्रकार मी एकदा नाही, तीनदा निस्तरलाय.

*सावधान, ऑक्टोबरवाल्यांसाठी :* कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पाऊस थांबला की संपत नाही. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं चालत आलं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्या काळात गाड्या सावकाश धावतात, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात, वंदे भारत तर आठवड्यातून कमी दिवस धावते. मी स्वतः एका ऑक्टोबरात जुन्या वेळेच्या भरवशावर स्थानकात पोचलो. गाडी दोन तास आधीच निघून गेली होती आणि मला फलाटावर वडापाव खात एसटीचा विचार करावा लागला. तिकिटावरची वेळ वाचा, लक्षात असलेली नको.

गाडीने येणार असाल तर घाटाची चौकशी आदल्या दिवशी करा. कोल्हापूरकडून करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आंबोली असे पर्याय आहेत. पावसाळ्यात दरड कोसळून किंवा कामामुळे यातला एखादा बंद असणं नेहमीचं. नकाशाचं ॲप सगळ्यात जवळचा घाट दाखवतं, उघडा दाखवेलच असं नाही.

विमानाने यायचं असेल तर चिपीचा विमानतळ जवळ आहे, पण तिथली उड्डाणं बदलती असतात. आधी विमान चालू आहे का बघा, मग दिवस ठरवा. दुसरा मार्ग गोव्याच्या मोपा विमानतळाचा. तिथून गाडीने साधारण दोन तास धरा.

टप्पा ८ : खोली ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न

ॲपवर पैसे भरण्याआधी एक फोन करा. घरगुती निवासवाल्यांना फोनवर बोलायला आवडतं आणि खरी माहिती तिथेच मिळते. विचारा :

"त्या आठवड्यात तुमच्याकडे काही कार्य, जत्रा, सप्ताह आहे का?" असेल तर जेवणाचं वेळापत्रक बदलतं. कधी कधी तुम्हालाही आमंत्रण मिळतं, तो वेगळा लाभ.

"सोमवारी काय जेवण असतं?" वर लिहिलंच आहे.

"किनारा घरासमोर आहे की रस्ता ओलांडून?" देवबागला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. "पाण्यालगत" म्हणजे नेमकं कोणतं पाणी, ते विचारून घ्या.

"होडी कोणाची, परवाना आहे का, जॅकेट सगळ्यांच्या मापाची आहेत का?" लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट घालून भागवलं जात असेल तर दुसरी होडी बघा.

"बोट रद्द झाली तर पैसे परत?" उत्तर फोनवर मिळालं तरी निरोप लिहून मागवा.

ज्यांना पाण्याखाली उतरायचंच आहे त्यांनी आणखी एक समजून घ्यावं. किल्ल्याजवळ मिळणारा "स्कूबा" हा बहुतेक ठिकाणी उथळ पाण्यात प्रशिक्षकाच्या हातात हात घालून काढलेला थोडा वेळ असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो पुरतो. नीट शिकून खोल जायचं असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे अभ्यासक्रमाच्या तारखा विचारा आणि मग आठवडा त्याभोवती फिरवा. दमा, कानाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. किनाऱ्यावर फॉर्म भरताना "नाही"वर खूण करून मोकळे होऊ नका.

टप्पा ९ : निघण्याच्या दोन दिवस आधी, आणि तिथे पोचल्यावर

४८ तास आधी तीन गोष्टी बघा. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा, आणि ज्याच्याकडे उतरणार त्याला एक फोन. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. "समुद्र कसो आसा?" एवढंच विचारा. "बरो आसा" म्हणाला तर निघा. "बघूया" म्हणाला तर त्याचा अर्थ नाही असा घ्या.

पोचल्यावर पाण्यातली सगळी कामं पहिल्या दोन दिवसांच्या सकाळी उरकायची. शेवटच्या दिवसासाठी किल्ला राखून ठेवणारे दर वर्षी भेटतात. त्या दिवशी वारा सुटला की होडी बंद आणि किल्ला न बघता परत. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत असतं. अकरा-बाराच्या पुढे खारे वारे सुरू होतात, समुद्रावर पांढरी फुलं दिसू लागतात, होडी हलते, पोटात ढवळतं. म्हणून डॉल्फिन आणि स्कूबा सकाळी सात ते दहा, किल्ला नऊच्या आसपास. किल्ल्यात सावली कमी आहे. दुपारी बारा वाजता तटावर चढणाऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत. पाण्याची बाटली, टोपी, आणि घसरणार नाहीत अशा चपला.

स्कूबाच्या आधी कोंबडी-वडे खाऊ नका. एवढा साधा नियम रोज कोणीतरी मोडतो आणि होडीवाल्याला होडी धुवावी लागते.

होडी बंद झालीच तर जेटीवर उभं राहून वाद घालण्यात सकाळ घालवू नका. बंदचा निर्णय घेणाऱ्याला त्या दिवसाची कमाई सोडावी लागलेली असते, तो उगाच घेत नाही. तडक धामापूरच्या तलावाकडे वळा, काठावर भगवतीचं देऊळ आहे, तिथे दोन तास सहज जातात. पुढे कुडाळकडे पिंगुळीला ठाकर समाजाच्या कलाकारांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघता येतात. आणखी वेळ असेल तर सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचा बाजार. संध्याकाळी परत येताना होडीवाल्याला पुन्हा एकदा फोन लावा. वारा रात्रीतून पडला, तर तो पहाटे साडेसहाला जेटीवर बोलावतो, आणि तेव्हा "नाश्ता करून येतो" म्हणायचं नसतं.